पाळ कायले फुटली

तलाव फुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पानठेल्यावर पाळ फुटल्याचा आवाज काढून दाखवला.

पोरं मागंच लागली होती. "दादा, काढ न. एकदाच." मी नकला करतो हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. देवरीच्या बसचा कंडक्टर, गोंदिया स्टेशनवरची 'यात्रीगण कृपया ध्यान दें'वाली बाई, 'शांतता' म्हणताना स्वतःच सगळ्यात जास्त ओरडणारे आमचे हेडमास्तर, सगळे मला येतात. आमगावात एका कपड्याच्या दुकानाची अनाउन्समेंट ऑटोवर फिरते, ती माझ्याच आवाजात आहे. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकात मी नोकराचं काम करतो. तीन वर्षं झाली, अजून मालक झालो नाही.

तं मी आवाज काढला. आधी घशात खोल घरघर, जुनी पिठाची चक्की सुरू होताना करते तशी. मग जरासा वेळ काहीच नाही. आणि मग गालातली सगळी हवा एकदम. ते मधलं 'काहीच नाही' जमलं पाहिजे, नाही तं खरं वाटत नाही. मला पहिल्याच झटक्यात जमलं. ठेलेवाला म्हणाला, "काटा आला बे अंगावर."

मी मागं पाहिलं तं मोठे बाबा उभे होते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील नागपूरला एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत, म्हणून मी लहानाचा मोठा झालो तो मोठ्या बाबांच्या घरी. त्यांनी ठेलेवाल्याला म्हटलं, "एक खर्रा दे." घेतला. गेले. माझ्याकडे पाहिलं पण नाही, अन् मुद्दाम टाळलं असंही नाही. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही. पोरं म्हणाली, "पुन्हा काढ," तं मी पुन्हा काढला.

आमचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. आम्ही कोहळी. तलाव बांधणं आमच्या लोकांचं कामच होतं म्हणतात. मातीची लांब पाळ, तिच्या पोटात बांध्यांना, म्हणजे धानाच्या वावरांना, पाणी सोडायचं दार, आणि एका टोकाला दगडी सांडवा. तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जाते. दाराची चावी मोठ्या बाबांच्या करदोट्याला असायची. कोणाच्या बांधीला किती पाणी, कोणत्या दिवशी, हे तेच ठरवायचे, अन् भांडणंही तेच ऐकायचे. रोज सकाळी उठून घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. चाळीस वर्षं. शाळेतल्या शंभर पानी वह्या. एक लोखंडी पेटी भरली होती.

आता जाळीचं सांगतो. पोळा झाला की आमच्याकडे सांडव्यावर जाळी बांधतात. बांबू ठोकायचे, त्याला नायलॉनची जाळी ताणायची. नाही तं पाण्यासोबत मासे निघून जातात आणि आम्ही पोसलेला मासा खालच्या गावाच्या कढईत पडते. पण जोराचं पाणी आलं की जाळी उचलून घ्यावी लागते. तिच्यात गवत, पानं, बेशरमाच्या फांद्या अडकतात, सांडवा तुंबते, आणि पाणी पाळीवर चढते. उचलायला दोन माणसं लागतात. एक मोठे बाबा, दुसरा मी.

नवरात्र संपत आलं होतं. धानाला लोंबी भरून राहिल्या होत्या. संध्याकाळी पाऊस लागला तो थांबलाच नाही. पहाटे मला जाग आली तं टिनावर इतका आवाज होता का बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. मोठे बाबा जागेच होते, खाटेवर बसून.

मी म्हटलं, "मोठे बाबा, जाळी उचलाची का?"

"राहू दे. दसऱ्याच्या तोंडावर पानी इतकं चढत नाही."

"लय पडून राहिला पन."

"चाळीस वर्सं झाले लिहून राहिलो. एकदा बी नाही चढलं. तुले भिजाची हौस आली का?"

मला काही हौस नव्हती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी पांघरूण ओढलं आणि झोपलो. चांगली झोप लागली.

आठ वाजता पाळ फुटली.

माणूस कोणी गेलं नाही. खालच्या बांध्यांमध्ये रेती आणि चिखल भरला, धान त्याच्या खाली गेला. आमच्याही दोन बांध्या गेल्या. शाळेच्या कंपाउंडची भिंत पडली. एका शेतकऱ्याचा बैल दाव्यालाच होता, तो गेला. जाळी नंतर सापडली, फांद्यांनी गच्च भरलेली. तिच्यात तीन मासे पण होते. कोणी तिला हात लावला नाही, बरेच दिवस ती तिथंच पडून होती.

आठवडाभरानं सरपंचांनी मला बोलावलं. आमचे सरपंच बोलताना हाताचं घड्याळ वरखाली करतात, ते पण मला येते.

"पुन्याची एक मॅडम येऊन राहिली," ते म्हणाले. "पावसाची सायंटिस्ट. हा पाऊस असा काऊन पडला, दुनिया गरम झाल्यानं पडला का तसाच पडला, ते काढते म्हने. तू तिच्यासंगं राह्य. गाव दाखव, गोडगोड बोल. अन् तिच्याकडून लिहून घे."

"काय?"

"हेच का पाळ वातावरणानं फुटली म्हून. गावात सगळे जाळीचं बोलून राहिले. पंचनाम्यात तुह्या मोठ्या बापाचं नाव चढलं तं मंग काढता येनार नाही. मॅडमचा कागद आला तं बुढा सुटते. समजलं का?"

समजलं. घरी मोठे बाबा जेवत होते पण अर्धं ठेवत होते. बोलत होते पण विचारल्यावरच. गावात कोणी तोंडावर काही म्हटलं नव्हतं, फक्त पाण्याच्या वादासाठी आता कोणी दारात येत नव्हतं. चाळीस वर्षं दार वाजत होतं, ते बंद झालं.

मॅडम आली. तिशी-पस्तिशीची, पाठीवर बॅग, पायात असे जाड बूट का पहिल्याच बांधीत एक बूट चिखलात राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. मी बूट काढून दिला. तिथून ओळख झाली.

तिच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्यात 'साधारणपणे' यायचं. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या छपरीत पोरांना तिची नक्कल करून दाखवून राहिलो होतो, तं ती मागून आली.

"मी खरंच अशी बोलते?"

"हाव, मॅडम. साधारणपणे."

ती हसली. मग खाटेवर बसून तिनं मला तिचं काम सांगितलं. म्हणाली, "आम्ही कॉम्प्युटरवर दोन पृथ्वी चालवतो. एक आत्ताची. कारखाने, गाड्या, कोळसा, सगळा धूर असलेली. दुसरी, जिच्यात तो धूर कधी झालाच नाही. दोन्हींमध्ये वर्षानुवर्षं पाऊस पाडून बघतो. मग मोजतो, तुमच्याकडे पडला तसा पाऊस कोणत्या पृथ्वीवर किती वेळा पडतो. गरम हवा जास्त पाणी धरून ठेवते, त्यामुळे फरक पडतोच. पण किती, ते मोजावं लागतं."

मी म्हटलं, "म्हंजे तुमचा कॉम्प्युटर आभाळाची नक्कल करते."

"हो. असं म्हणता येईल."

"अन् नक्कल जमली का नाही, कसं समजते?"

"जुन्या नोंदींशी ताडून बघतो. खऱ्या पावसाशी जुळली नाही, तर ते मॉडेल बाजूला ठेवतो."

"आमच्या नाटकात असा नियम असता तं अर्धी कंपनी घरी बसली असती."

तिची अडचण वेगळीच होती. जुन्या नोंदी कमी होत्या. कुठलं तरी एक रजिस्टर तिला मिळालं होतं, त्यात कित्येक वर्षं रविवारी आणि सणाला पाऊस शून्य. म्हणजे मोजणारा सुट्टीवर गेला की पाऊसही सुट्टीवर. हे सांगताना ती हसली नाही, मी हसलो.

मोठे बाबा भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होते. उठले, आत गेले, आणि पेटी ओढत घेऊन आले. झाकण उघडलं.

"रविवारचं पन आहे," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते एकच वाक्य.

मॅडमनं पहिली वही उघडली आणि पानं उलटत गेली. मग म्हणाली, पायऱ्या म्हणजे पाऊस नव्हे, पण तलाव कोणत्या वर्षी किती आणि किती लवकर चढला ते यातून कळतं, आणि रजिस्टरातल्या रिकाम्या जागा ताडून बघायला त्याचा उपयोग होईल. त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "काका, हे फार मोठं काम आहे." ते सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते, घोटत राहिले.

मोठ्या बाबांचे आकडे त्यांच्याशिवाय फक्त मला लागतात. म्हणून तीन दिवस मी वाचत होतो आणि मॅडम लॅपटॉपवर टाकत होती. कंटाळा आला की मी मोठ्या बाबांच्या आवाजात वाचायचो. "आज पायऱ्या सहा. उघाड. आज पायऱ्या सहा. म्हशीनं सांडव्याचा दगड पाडला." मॅडम टाइप करता करता म्हणायची, "म्हैस नको, फक्त पायऱ्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर आलो. पाळ फुटली तो दिवस. मला वाटलं होतं त्या दिवशी काही लिहिलं नसेल. लिहिलं होतं. सगळं गाव फुटलेल्या पाळीजवळ उभं होतं तेव्हाच घरी येऊन लिहिलं असेल.

'पायऱ्या सर्व बुडाल्या. जाळी तशीच. पोराने विचारले होते. मी राहू दे म्हटले.'

मी त्यांच्याच आवाजात वाचलं, "पायऱ्या सर्व बुडाल्या." आणि थांबलो.

"पुढे?"

"पुढं काही नाही."

मॅडमनं हात पुढं केला. मी वही दिली. तिनं वाचलं. शब्द तिला लागत होते, फक्त आकडे लागत नव्हते. मला हे माहीत असायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, "मॅडम, हे पान फाटलं तं चालन का?"

"नाही."

"तुमाले त्याचा उपयोग तं नाही न."

"माझ्या कामाला पहिलं वाक्य लागतं. बाकीची नाही लागत. पण फाडू नकोस."

मग मी तिला ते विचारलं जे सरपंचांनी सांगितलं होतं. पाळ वातावरणानं फुटली असा कागद देता का. तिनं लॅपटॉप बंद केला.

"मी पावसाबद्दल सांगू शकते. पाळीबद्दल नाही. पाऊस किती वाढला, त्याची शक्यता किती वाढली, एवढंच माझं मॉडेल सांगतं. जाळी नसती तर पाळ टिकली असती का, त्यासाठी सांडव्यातून किती पाणी जात होतं, जाळी किती तुंबली होती, हे कोणीतरी त्या वेळी मोजायला हवं होतं."

"कोनी नाही मोजलं."

"मग आता नाही कळणार."

मी म्हटलं, "बरं." मला राग पण आला नाही. मी तिच्यासाठी चहा सांगायला आत गेलो आणि आतच थोडा वेळ उभा राहिलो. चहा सांगायचा विसरलो.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. मॅडमनं सांगितलं होतं की काम झालं की फोनवर सगळ्यांना समजावून सांगते. सरपंचांनी दुपारी समाजमंदिरात लोक बोलावले. टेबलावर माझा फोन, स्पीकर चालू, समोर सतरंजीवर गाव. मोठे बाबा दाराजवळ बसले होते, चपला जवळ घेऊन.

मॅडम बोलली. म्हणजे बोलली असेल. आमच्या समाजमंदिरात रेंज खिडकीपाशीच येते, आणि ऐकू आलं ते 'साधारणपणे' आणि मधली खरखर. मी फोन घेऊन खिडकीत गेलो, कानाला लावून सगळं ऐकलं. मग फोन कट झाला, पुन्हा लागला नाही.

सरपंच म्हणाले, "तूच सांग. काय म्हटली?"

मला सवय आहे. मी मॅडमच्याच आवाजात सांगितलं. "साधारणपणे असं दिसतं, की पृथ्वी तापली नसती तरी असा पाऊस पडू शकला असता. पण फार क्वचित. आता त्याची शक्यता वाढलेली आहे, आणि पडला तर जास्त पडतो. नेमकं किती, ते सांगता येत नाही, कारण या भागातल्या जुन्या नोंदी कमी आहेत. ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच काकांच्या आहेत."

लोक हसले. 'साधारणपणे'ला जास्त हसले.

ज्याचा बैल गेला तो म्हणाला, "म्हंजे नक्की नाही? माह्या बैलाले का सांगू बे? साधारनपने मेला म्हून?"

पुन्हा हशा. तोही हसला. सरपंच घड्याळ वर सारून म्हणाले, "चला, म्हंजे वातावरनच होय. तेच लिहू."

तेव्हा दाराजवळून मोठे बाबा म्हणाले, "तिले इचार."

सगळे वळले. ते माझ्याकडे पाहून राहिले होते. फोन बंद होता हे त्यांनाही माहीत होतं. "तिले इचार," ते म्हणाले, "जाळी नसती तं?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय पाहिजे होतं ते स्पष्ट होतं. वाक्य तयार होतं माझ्या तोंडात, मॅडमच्याच आवाजात, तिच्याच चालीवर. 'साधारणपणे, जाळी नसती तरी पाळ फुटलीच असती.' कोणाला समजलं नसतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजात त्यांनी न म्हटलेलंच तं म्हणत आलो.

मी मॅडमच्या आवाजात म्हटलं, "ते त्या वेळी कोणी मोजलं नाही. आता नाही कळणार."

कोणी हसलं नाही.

मोठे बाबा उभे राहिले. "मंग मी सांगतो. जाळी म्या राहू देली. पोरगं इचाराले आलं होतं. चाळीस वर्सांत झालं नाही म्हून म्या नाही म्हटलं. आता तुमी म्हनता आभाळ बदललं. बदललं असन. पन बदललं हे पाहाचं काम कोनाचं होतं? रोज पाहाले मीच जात होतो न? का आनखीन कोनी जात होतं?"

मला वाटलं आता कोणी तरी ओरडेल. बैलवाल्याकडे पाहिलं. तो सतरंजीचा धागा काढत होता.

"बस खाली, भाऊ," सरपंच हळू म्हणाले. "तुले कोनी काही म्हटलं का? नाही न? बस."

"म्हना न मंग," मोठे बाबा म्हणाले. "कोनी तं म्हना."

कोणी म्हटलं नाही. ग्रामपंचायतीचं रजिस्टर उघडलं. त्यात लिहिलं गेलं का वातावरणातील बदलामुळे अतिवृष्टी होऊन पाळ फुटली, सर्वानुमते. पहिली सही बैलवाल्यानं केली. मग लोक म्हणाले की आता तलावाचं काम एका माणसावर नको, तिघांची कमिटी करू, त्यात माझं नाव घाला, घरचंच पोरगं आहे. कोणी वाईट बोललं नाही. सगळे चांगलंच करून राहिले होते. मोठ्या बाबांनी करदोट्याची चावी सोडली, तिला गाठ पक्की बसली होती, वेळ लागला. टेबलावर ठेवली. मग रजिस्टरात सही केली, आणि चपला घालून गेले.

त्यानंतर ते तलावावर गेले नाहीत. एकदाही.

पाळ बांधून झाली. सांडव्यावर आता जाळी बांधत नाहीत, मासे जातात ते जातात. यावर्षी पाऊस लागला तसा मी रोज सकाळी जातो. फोनवर इशारे येतात, पिवळा, केशरी. मी केशरीलाही जातो, पिवळ्यालाही जातो, काहीच आलं नाही तरी जातो. पायऱ्या मोजतो आणि मॅडमला मेसेज टाकतो. ती अंगठा टाकते.

घरी येतो तेव्हा मोठे बाबा छपरीत खाटेवर असतात. म्हणतात, "कपडे बदल." पाण्याचं विचारत नाहीत. पहिल्या दिवशी मी सांगायला गेलो तं म्हणाले, "मले कायले सांगतं? आभाळाले सांग." तेव्हापासून मी त्यांना सांगत नाही, टॉवेलनं डोकं पुसता पुसता भिंतीला सांगतो. "पायऱ्या सहा." "पायऱ्या पाच." ते दुसरीकडे पाहतात.

परवा दोन दिवस सारखी झड होती. मी आलो, डोकं पुसलं, आणि भिंतीला म्हटलं, "पायऱ्या नऊ." खोटं होतं. चारच बाहेर होत्या.

ते खर्रा घोटत होते. हात थांबला.

"इतक्या नसन," ते म्हणाले.

"मंग किती असन?"

त्यांनी पावसाकडे पाहिलं, बराच वेळ. मग पुन्हा घोटायला लागले. मी आत जाऊन फोनवर चार टाकले.